नागपूरचा उन्हाळा आणि पत्र्याचे घर

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

प्रथम वर्षाच्या भूगोलाच्या तासाला सरांनी एकदा विचारले होते, "नागपूरचे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान किती?" वर्गातील एकदोघांनी बेचाळीस-त्रेचाळीस असे बरोबर उत्तर दिले. माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला होता आणि तो विचारण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही. हे बेचाळीस-त्रेचाळीस अंश कुणाच्या घरातले? पुढे काही महिन्यांनी तो सरांना विचारला, तेव्हा त्यांनी हसून विभागातील एक तापमापक माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "तूच मोजून पाहा." प्रस्तुत लेख त्या मोजण्यातून आणि नंतर ग्रंथालयात बसून केलेल्या वाचनातून झालेला आहे. आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेला मी पहिलाच. तेव्हा लेखात काही उणे आढळल्यास प्राध्यापकवर्गाने व मित्रांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

प्रथम सरांच्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. वर्तमानपत्रात जो आकडा छापून येतो, तो उन्हातला नसतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागी ठेवलेला असतो. म्हणजे ते तापमान सावलीतले, वारा खेळत असलेले, आणि भोवती भिंती नसलेल्या जागेतले. एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करायची तर मोजणी अशीच हवी, यात शंका नाही. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. डांबरी रस्त्यावर उभा राहून पोती उतरवणारा माणूस आणि ती पेटी यांच्या उन्हाळ्यात मोठे अंतर आहे.

यंत्र बिघडले म्हणजे काय होते तेही आपल्या शहराने पाहिले आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की उपकरण सदोष होते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत याच आकड्याची चर्चा होती. आकडा खोटा निघाला तेव्हा काही लोकांना चक्क वाईट वाटले, कारण आपण जे सोसले त्याला कोणीतरी मोठा आकडा दिला होता आणि तो काढून घेतला गेला!

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असले आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वर गेले, तर उष्णतेची लाट मानतात. त्याहून अधिक फरक असला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ वर गेला की लाट, ४७ वर गेला की तीव्र लाट. आता नागपूरची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीस. तेव्हा मे महिन्यात ४४ अंश असले तर या नियमाने ती लाट ठरत नाही, तो नेहमीचा दिवस ठरतो. ज्याची सरासरीच वाईट, त्याच्या वाईट दिवसाला नाव मिळत नाही.

आमची आजी नियम-बियम जाणत नाही. तिचा हिशेब नवतप्याचा. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस नवतपा, साधारण २५ मेपासून. "पोरा, नवतपा लागला, आता दुपारचा हिंडू नको बाप्पा," हे तिचे दरवर्षीचे वाक्य. मी पूर्वी याला जुनी समजूत म्हणत असे. पण भूगोल शिकल्यावर पाहिले, तर नागपूर सुमारे २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षवृत्तावर आहे आणि २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच नाहीशी होते. त्या वेळी आकाश निरभ्र, हवा कोरडी, जमीन दोन महिने तापलेली, आणि पाऊस यायला अजून पंधरवडाभर अवकाश. आजीचा पंचांग आणि माझे पुस्तक एकाच तारखेला येऊन भेटतात. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग तुह्या पुस्तकानं नवं काय सांगितलं?"

आता मूळ प्रसंगाकडे येतो.

माझे बाबा धान्याच्या बाजारात हमाली करतात. २०२४ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. माझा बारावीचा निकाल नुकताच लागला होता आणि मी घरीच होतो. दुपारी चारच्या सुमारास बाबांना त्यांच्या दोन सोबत्यांनी हातगाडीवर आणले. डोक्याचा दुपट्टा तसाच बांधलेला. डोळे उघडे, पण ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते आणि "गाडी खाली झाली का?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होते. शेजारचा एक जण म्हणाला, "घेऊन आला वाटते." म्हणजे दारू. माझे बाबा माळकरी आहेत. दुसरा म्हणाला, अंगाला घाम आहे, म्हणजे ऊन लागलेले नाही. ऊन लागले की घाम थांबतो. कोणी कांदा ठेचून तळपायाला चोळू लागले. आईला काही सुचत नव्हते आणि मलाही.

आमच्या गल्लीत एक आशाताई राहतात. त्या धावत आल्या आणि त्यांनी पहिला हुकूम सोडला तो पाण्याचा. बाबांना घरात नेऊ दिले नाही. ओट्यावर सावलीत निजवले, सदरा काढला आणि पिंपातले पाणी बादलीने अंगावर ओतायला लावले. आईचे लुगडे भिजवून अंगावर टाकले आणि आम्ही दोघे भाऊ पुठ्ठ्याने वारा घालू लागलो. मी तांब्याने पाणी पाजायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. शुद्ध पुरती नाही, पाणी श्वासनळीत जाईल, असे त्या म्हणाल्या. पंधरा-वीस मिनिटांनी बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली. मग ऑटो बोलावून दवाखान्यात नेले.

तेथील डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मी नंतर पुस्तकांतून ताडून पाहिल्या. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि त्याबरोबर माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. बसून राहणाऱ्या वृद्धांमध्ये कातडी बहुधा कोरडी पडते. परंतु अंगमेहनत करणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येत असतो. त्यामुळे घामावरून निदान करणे धोक्याचे आहे. बोलण्यावरून करावे. हा ताप विषमज्वरासारखा नसतो, म्हणून तापाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. आधी जागच्या जागी थंड करायचे आणि मग हलवायचे, कारण गेलेले प्रत्येक मिनिट मेंदूवर, मूत्रपिंडावर आणि यकृतावर परिणाम करीत असते. आशाताईंनी हे आठ-दहा मिनिटांत केले म्हणून बाबा आज आहेत. कांद्याबद्दल माझा राग नाही. खिशात असावा, जेवणातही असावा. पण त्या वेळी तळपायाला कांदा चोळण्यात गेलेली पाच मिनिटे मला आजही आठवतात.

त्याच आठवड्यात बाबांच्या टोळीतील एक जण गेला. बालाघाटकडून आलेला, पंचविशीतला, बाबांपेक्षा दुप्पट ताकदीचा. कामावर येऊन त्याचा तिसरा दिवस होता. सर्वांना नवल वाटले की म्हातारा वाचला आणि तरणा गेला कसा. याचेही उत्तर मला वाचनात सापडले. उन्हात काम करण्याची शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्ताचे पाणी वाढते, घाम लवकर व जास्त सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जाऊ लागते. ही सवय कमावल्यावरही आठ-पंधरा दिवस काम सुटले की ती उतरू लागते. म्हणून उन्हाने होणारे कामगारांचे मृत्यू पुष्कळदा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. अमेरिकेतील व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की उन्हातल्या कामावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या एकपंचमांश इतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे. आमच्या बाजारात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सर्वांत जड पोती देतात, तो किती पाण्यात आहे ते पाहण्यासाठी.

त्या तरुणाच्या मृत्यूच्या कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. ते खोटे नव्हते. प्रत्येकाचीच हृदयक्रिया शेवटी बंद पडते. पण मग उन्हाने मेलेल्यांची मोजणी व्हायची कशी? हा प्रश्न अहमदाबाद शहराने वेगळ्या रीतीने सोडवला. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता. संशोधकांनी दाखल्यावरील कारण बाजूला ठेवले आणि त्या महिन्यात शहरात एकूण किती माणसे वारली, हे इतर वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. फरक निघाला १,३४४ मृत्यूंचा. नेहमीपेक्षा ४३ टक्के अधिक. एवढी माणसे गेली आणि त्या वेळी शहराला त्याचा नीटसा पत्ताही लागला नव्हता.

त्यातून २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील ही पहिलीच. आगाऊ इशारा देणे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, बागा दुपारी उघड्या ठेवणे असे तिचे स्वरूप होते. पुढील एका अभ्यासात या योजनेमुळे वर्षाकाठी अकराशेहून अधिक मृत्यू टळले असावेत असा अंदाज केला आहे. नागपुरातही २०१६ पासून अशी योजना आहे. पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट फार साधी आहे. अहमदाबादच्या एका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही. छप्पर कोणाच्या डोक्यावर आहे, एवढेच कोणीतरी पाहिले.

येथे मी माझ्या तापमापकाकडे येतो. दर उन्हाळ्यात आपल्याला सांगितले जाते की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. बाबांना दवाखान्यातही तेच सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर होते, "घरात बसून काय करू? घर तं बाहेरपेक्षा जास्त तापते." मला ही सबब वाटली होती. काम बुडू नये म्हणून बाबा असे बोलतात, असा माझा समज होता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी मोजणी केली. (मे महिन्यात त्या वर्षी अवकाळी पावसाने हवा थंड केली, म्हणून माझी वही एप्रिलपुरतीच राहिली.) तिसऱ्या आठवड्यातील एका दिवसाची नोंद देतो. दुपारी तीन वाजता गल्लीत सावलीला ४३ अंश आणि आमच्या पत्र्याच्या घरात, कूलर बंद ठेवून, ४५ अंश. म्हणजे बाबा खरेच सांगत होते. घरी बसा या सल्ल्यात घर बाहेरपेक्षा थंड असते हे गृहीत धरलेले आहे. पत्रा स्वतः तापतो आणि चुलीसारखी धग खाली फेकतो. हवा ४५ असली तरी डोक्याला लागणारी झळ त्याहून अधिक असते, आणि ती माझ्या तापमापकात पुरती उतरतही नाही.

मग मी शेजारच्या स्लॅबच्या खोलीत तापमापक नेला. तेथे त्याच दिवशी दुपारी ४० अंश होते. मला आनंद झाला, कारण आमचेही नाव घरकुलाच्या यादीत आहे आणि स्लॅबचे घर हे आईचे जुने स्वप्न. परंतु सरांनी बजावले होते की रात्रीही मोज. रात्री अकराला गल्लीत ३३, आमच्या पत्र्याखाली ३५, आणि स्लॅबच्या खोलीत ३८! पहाटे पाचला गल्लीत २८, आमच्याकडे ३०, स्लॅबखाली अजून ३५. मला वाटले तापमापक बिघडला, म्हणून पुढील दोन रात्री पुन्हा मोजले. क्रम तोच.

कारण समजायला वेळ लागला, पण समजल्यावर ते अगदी उघड वाटले. पत्रा पातळ असतो. चटकन तापतो, चटकन निवतो. चार-पाच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि संध्याकाळनंतर ते सावकाश खाली सोडत राहतो. स्लॅब दुपारची उष्णता नाहीशी करीत नाही. ती रात्रीसाठी राखून ठेवतो. दुपारी माणूस झाडाखाली, दुकानाच्या पायरीवर कोठेही बसू शकतो. रात्री त्याला निजायला तीच खोली असते, आणि शरीराला दिवसाचा ताप उतरवायचा असतो तोही याच वेळी. सलग तीन-चार रात्री झोप झाली नाही की चौथ्या दिवशी पोते उचलताना काय होते, हे बाबांच्या सोबत्यांना विचारावे. यावरून पत्रा चांगला असे कोणी समजू नये. दुपारचे पंचेचाळीस अंश आजीने कसे काढायचे? माझे म्हणणे इतकेच की घरकुल बांधताना स्लॅबवर काय घालायचे आणि झरोका कोठे ठेवायचा, याचा विचार आजच व्हायला हवा.

शहरे रात्री अधिक गरम असतात हे आजचे ज्ञान नाही. ल्यूक हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने लंडनच्या हवामानावर १८१८ पासून ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडन शहर व बाहेरचा गावभाग यांची तापमाने वर्षानुवर्षे ताडून त्याने दाखवले की फरक विशेषतः रात्रीचा आहे. जे एका माणसाच्या खोलीचे, तेच अख्ख्या शहराचे. आपल्या नागपुरात गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले. चिखल गेला, धूळ कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण रात्री दहाला अनवाणी चालून पाहा, म्हणजे रस्ताही स्लॅबच आहे हे पायांना कळेल.

उपाय म्हणून आम्ही पत्र्यावर चुना दिला. नुसता चुना पत्र्यावरून पोपडे होऊन पडतो, म्हणून त्यात थोडे फेविकॉल मिसळले आणि संध्याकाळी पत्रा निवल्यावर दोन हात दिले. खर्च पाचशे रुपयांच्या आत. तशाच तापलेल्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात ४२ अंश होते. तीन अंश उतरले. पांढरा रंग ऊन परत फेकतो, यात गुपित काही नाही. अहमदाबादने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि तेलंगण राज्याने २०२३ मध्ये यासाठी धोरणच जाहीर केले. बाबा बाजारातून फाटका बारदाना आणून ओला करून पत्र्यावर टाकत. त्याने याहूनही फरक पडे. पण आमच्याकडे पाणी टँकरचे. पत्र्याला पाजायचे की माणसांना, हा वाद आई एका वाक्यात संपवी.

कूलरबद्दल लिहिले नाही तर नागपूरकर मला माफ करणार नाहीत! एप्रिल लागला की ताट्या बदलणे, पंपाची तपासणी, खिडकीत डबा बसवणे हा आपला सणच. पूर्वी दारांवर वाळ्याचे पडदे लावून पाणी शिंपडत; तत्त्व तेच. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते. आपल्या अंगाचा घामही याच तत्त्वावर चालतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र हवा कोरडी असली तरच. जूनमध्ये ढग येऊ लागले, हवा दमट झाली की तोच कूलर नुसती चिकट वाफ देतो. साध्या पंख्याचीही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या वर असली तर पंखा माणसाला गारवा देण्याऐवजी तापवतो. अशा वेळी पंख्याखाली ओले फडके अंगावर हवे.

दमटपणाचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे पाहिले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास आलेल्या लाखोंच्या समुदायातील चौदा जणांचा मृत्यू झाला. तेथे तापमान होते सुमारे ३८ अंश. आम्ही नागपूरकर अडतीसला गारवा म्हणतो. पण समुद्रकाठच्या हवेत घाम वाळत नाही, वर सावली नाही, गर्दीतून उठून जाता येत नाही. म्हणूनच किनाऱ्यासाठी लाटेचा उंबरठा चाळीसऐवजी सदतीसचा धरतात. तेव्हा कोकणातील मित्राला "तुमचे ऊन ते काय" असे म्हणण्याची आपली सवय आपण सोडावी.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एका शहराबद्दल सांगायचे आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेच्या लाटेत ७३९ माणसे अधिक मेली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यावर २००२ साली पुस्तक लिहिले. त्याने लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हींकडे गरिबी होती, दोन्हींकडे एकटे राहणारे वृद्ध होते. तरी एकीत मृत्यूंचे प्रमाण दुसरीच्या दहापट. फरक रस्त्याचा होता. एका वस्तीतील दुकाने बंद पडलेली, घरे ओसाड, म्हातारी माणसे भीतीने दारे-खिडक्या लावून आत बसलेली. दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर दुकाने, वर्दळ, ओळखीचे चेहरे. तेथील म्हातारे बाहेर पडले, गार दुकानात जाऊन बसले, आणि कोणी दिसले नाही तर शेजाऱ्याने चौकशी केली.

हे वाचताना मला आमचा ओटा आठवला. आशाताई धावत आल्या, कारण हातगाडी येताना गल्लीतील दहा जणांनी पाहिली होती. आमच्या गल्लीची मी उगाच थोरवी गात नाही; "घेऊन आला" असे म्हणणाराही त्याच ओट्यावर होता. पण एखादा म्हातारा सकाळी मडके भरायला नळावर आला नाही, तर आमच्याकडे कोणी तरी दार वाजवते. घरकुले झाली, मजले चढले आणि दारे बंद झाली म्हणजे हे राहील का, हे मला सांगता येत नाही.

पाण्याविषयी थोडे. भरपूर पाणी प्या, हा सल्ला सर्वत्र असतो. नुसते पाणी पुरत नाही, कारण घामातून मीठही जाते. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण सर्वांनी पाठ करावे. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक आपल्याकडे आहेच. पण आई पूर्वी बांधकामावर रेती वाहत असे, तेव्हाची गोष्ट तिने मला हा लेख लिहिताना प्रथमच सांगितली. त्या बायका दिवसभर पाणी पीतच नसत. तेथे बायकांसाठी संडास नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत जायची सोय नाही म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. मी तिला पाण्याचे महत्त्व समजावून सांगत होतो! तिने ऐकून घेतले आणि मग हे सांगितले.

शेवटचा प्रश्न मजुरीचा. कतारने २०२१ पासून उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई केली आहे. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने आपल्या कष्टकरी सभासद स्त्रियांसाठी २०२३ पासून असा विमा आणला की तापमान ठरावीक मर्यादेवर गेले की आजारी पडो वा न पडो, थोडीफार रक्कम खात्यात जमा होते, म्हणजे तिला त्या दिवशी घरी थांबता यावे. आमच्या बाजारात असे काही नाही. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी आठ दिवस विश्रांती घेतली आणि नवव्या दिवशी ते कामावर गेले. माझ्या प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली होती. त्या वेळी हे मला कळले नाही. तारखा जुळवल्या तेव्हा कळले.

यंदा फेब्रुवारीत टोळीतील हमालांनी अडत्यांना भेटून मागणी केली आहे की एप्रिल-मे महिन्यांत मापे पहाटे पाचला सुरू करावीत आणि अकराला थांबवावीत. अर्ज मी लिहून दिला. दोन अडत्ये तयार आहेत. बाकीचे म्हणतात, लिलावच दहाला होतो, मापारी त्याआधी येत नाही, आणि शेतकऱ्याची गाडी एकला आली तर ती उन्हात उभी ठेवायची का? हा शेवटचा प्रश्न बाबांनाही पटतो, कारण त्या गाडीवानाच्या डोक्यावरही छप्पर नसते. पुढची बैठक गुढीपाडव्यानंतर आहे. तापमापक सरांना परत करायचा होता, तो मी जूनपर्यंत मागून घेतला आहे. या वेळी तो बाजारातील मापाच्या ओट्यावर टांगायचा आहे.